पा

आमच्या घरात सगळ्यांत गोरा माझा बाप.
अत्तारीनच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करायचा,
एका डोळ्याला भिंग, बोटांना तेलाचा वास,
उन्हात पाच मिनिटं थांबला की कान लाल.
नाव पिन्हास.

खालच्या मजल्यावर पाखोम,
संग्रहालयात दगडांवर नंबर टाकणारा.
दर गुरुवारी तेच बंद घड्याळ घेऊन वर यायचा,
त्यात कधीच काही बिघडलेलं नसायचं.
एकदा म्हणाला, "पिन्हास, तुझं नाव तुमचं नाहीच,
इथल्या मातीतलं आहे. पा-नेहसी.
पा म्हणजे तो. नुसतं बोट दाखवणं.
नेहसी म्हणजे दक्षिणेकडचा, धबधब्यांपलीकडचा,
काळा. नूबियाचा माणूस."

हसता हसता आईच्या बोटात सुई गेली.
बापाने भिंग उतरवलं, हात पालथा करून पाहिला,
मग जिन्यातून हाक मारली, "अब्दून!"
अब्दून आमचा दारवान. अस्वानच्याही वरचा,
गाव धरणाच्या पाण्याखाली, खजुरीच्या शेंड्यांसकट.
"अब्दून, हा म्हणतो, माझं नाव म्हणजे तू."
अब्दूनने नीट विचार केला.
"मग उद्यापासून दार तुम्ही झाडा."

त्यानंतर गुरुवार म्हणजे नावं.
बाप जुन्या वंशावळींतून एकेक उचलून आणायचा,
पाखोम ते झटकायचा, खिसे तपासायचा.
हॉफ्नी? बेडकाचं पिल्लू, शेपटीवालं.
"हसू नका, आमच्या लिखाणात
तेच चित्र म्हणजे एक लाख."
हूर? अरे, तो तर ससाणा-देव,
तुमच्या सोवळ्या यादीत बिनबोभाट बसलाय.
मरारीवरून दोघं भांडले.
बाप म्हणे कडू, पाखोम म्हणे लाडका,
चहावर साय धरली तरी कोणी हटेना.
"दोन्ही," आई म्हणाली, आणि माझ्या भावाकडे पाहिलं.

माझं नाव शोशाना. ते मात्र मी विचारलं नाही,
त्यानेच सांगितलं: कमळ, नाईलमधलं.
अब्दूनच्या मुलीचं नाव सौसन.
आम्ही दोघी जिन्याखाली बसून
एकच फूल वाटून घेतल्यासारख्या
शेंगदाणे खात होतो.

"आणि पेटाऱ्यात तरंगलेलं ते पोर?"
पाखोम जरा वेळ गप्प.
"मोसे. म्हणजे जन्मलेला.
त्याच्या आधी देवाचं नाव असायला हवं,
अमक्याचा जन्मलेला, तमक्याचा.
तेवढं कोणीतरी खरवडलं असावं. कोणी, कोण जाणे.
आता नुसतं: झालेला.
कोणाचा, ते नाही."

सत्तावनच्या थंडीत कचेरीत बोलावणं आलं.
माणशी एक पेटी, वीस पौंड,
कागदावर लिहिलेलं: परतीचा हक्क नाही.
कारकून मान वर न करता म्हणाला,
"पिन्हास. कुठल्या देशाचं नाव हे?"
बापाने काही न बोलता दाराकडे बोट केलं.
दारात आमची पेटी डोक्यावर घेऊन
अब्दून उभा होता.
कारकुनाला वाटलं, हा बाहेरचा रस्ता दाखवतोय.
"बरोबर," म्हणाला,
आणि शिक्का मारला.

पाखोमने बंदरावर ते घड्याळ बापाच्या हातात कोंबलं.
तपासणीत गेलं ते. चालू होतं.

मार्सेलला तिसऱ्या मजल्यावर
बाप बत्तीस वर्षं राहिला. घंटीखालच्या पाटीवर
सगळ्यांसारखंच एक अक्षर आणि आडनाव.
तो गेला त्या हिवाळ्यात सौसनचं पत्र आलं:
नवं धरण झालं तेव्हा दुसरंही गाव गेलं,
अब्बा शेवटी सगळी नावं विसरले,
फक्त दारात कोणी आलं की विचारायचे,
पिन्हास आला का.

पाटी मी अजून काढलेली नाही.
पोस्टमन नवा आहे.
त्या एकाच अक्षरावर बोट ठेवून विचारतो,
"हा कोण?"