गल्ली नंबर

रात्री साडेअकराला त्यानं विचारलं, नवं काही आलंय, घेऊ का?
जांभई देता देता मी 'होय' दाबलं,
लग्नात नवरदेव म्हणतो तसं,
कशाला होय म्हणतोय ते न ऐकता.

सकाळी डबा मुका.
पंखा फिरतोय, हिरवा दिवा लागतोय,
आत कुणी नाही.

डबा म्हणजे पतसंस्थेच्या लिलावातला काँप्युटर,
पोटात चार डिस्का,
ठेवलाय कोठीघरात, लोणच्याच्या बरणीशेजारी,
घरात तेवढीच जागा थंड.
एप्रिलात धुळ्यात थंड म्हणजे चटका न देणारी.
त्यात बावीस वर्षांची लग्नं.
स्टुडिओ बंद केला, कॅमेरे विकले, शटरसुद्धा भंगारात दिलं.
लग्नं कुठे विकणार?

आणि नेमका आजच हिलाल सोनवणे.
चप्पल न काढता उंबऱ्यात उभा.
"मन्ही माय गयी. परवा दहावा शे.
रत्नाना लगनमा तू काढेल व्हता ना तिना फोटू,
हासती व्हती तो. तोच दे."
मी म्हटलं, संध्याकाळी ये.
डबाही गेलाय, हे सांगवलं नाही.
एका उंबऱ्यात दोन मयती कशा मांडायच्या?

मग दार लोटून बसलो.
वायर काढली, फुंकली, लावली.
वीज बंद, दहापर्यंत आकडे, वीज चालू.
रॅम उपसून खोडरबरानं घासली,
भाचीच्या कंपासपेटीतला, स्ट्रॉबेरीच्या वासाचा.
माळ्यावरचा जाडा मॉनिटर उतरवला,
त्याबरोबर एक पालही उतरली.
जोडला, तर काळ्या पडद्यावर
एक पांढरी रेघ, उघडझाप करत,
काहीतरी सांगायला तोंड उघडावं
आणि विसरावं, पुन्हा उघडावं.

इरफान पिंजारीला फोन लावला.
केबलवाला, पण त्याला सगळं कळतं.
देवपुरात खांबावर चढलेला, वरूनच म्हणाला,
"दादा, चारही डिस्का काढा. नंबर टाकून ठेवा हां.
मग नुसती पेनड्राइव्ह."
पेनड्राइव्ह! मी विसरलोच होतो.
याचा जीव डिस्कांत नाहीच,
मागे खोचलेल्या नखाएवढ्या काडीत आहे.
चिकटपट्टीवर स्केचपेननं लिहिलं, एक, दोन, तीन, चार.
पोट रिकामं झालं तसा तो उठला, टुक् करून.
डिस्का परत घातल्या.
पुन्हा रेघ.

तेव्हा कळलं.
खोडायचं बटण दाबत दाबत आत शिरलो
(शिरायचा रस्ताच तो, कुणी ठरवला देव जाणे)
आणि यादी पाहिली.
वर तिसरी डिस्क. काडी पार तळाला.

आमच्या गावात गल्लीला नंबर असतो.
पाचव्या गल्लीतला म्हटलं की पत्ता संपला.
कुणी रात्रीतून पाट्या फिरवल्या,
आणि हा स्वतःचं घर शोधत
तिसरीत शिरला, दार वाजवत बसला उजाडेपर्यंत.
तिसरीत दोन हजार अकराची लग्नं.
रुसवे, बँडवाले, पंगती, हळदीचे हात.
त्यांना काय माहीत हा कोण.

बाणाच्या बटणानं काडी वर आणली.
जतन करू का?
होय. या वेळी दोनदा वाचून.

ओळी धावल्या पडद्यावर, भरभर, न कळणाऱ्या.
बायको कोठीत डोकावली. "जित्ता शे?"
"शे. गल्ली चुकेल व्हता."

रत्नाच्या लग्नाचे अकराशे चाळीस फोटो.
कोकिळाबाई एकातच.
हसत नाही. वाढप्याशी भांडतेय,
हातात बट्टीचं ताट, तोंड सताड उघडं.

हिलाल संध्याकाळी आला. या वेळी चप्पल काढून.
पडद्याजवळ वाकला, बराच वेळ वाकून राहिला.
"हाऊच," म्हणाला. "देख, कशी हासी ऱ्हायनी."

मी काही बोललो नाही.
वाढप्याला कापलं.
बट्टी राहू दिली.