कोंड्याची शाई

टार्टूमध्ये, सायकलवाल्याच्या मागल्या खोलीत
वाइकेचं यंत्र खोकत खोकत सुरू होतं.
शाईत तांदळाच्या कोंड्याचं तेल.
जिथे भाताची लोंबी कुणी पाहिली नाही
तिथे कागदावर चाललाय
कोंड्याचा मांडा.

ऊर्मास आला, टोपीवर बर्फ.
मधाच्या चाळीस बाटल्या, लेबलं चाळीस.
मोठ्या छापखान्यात हजाराखाली बोलत नाहीत.
"उरलेली काय माश्यांना वाचायला देऊ?"

आधी पिवळा.
मग ड्रम बदलून निळा.
सतराव्या कागदावर निळा जरा सरकला,
पंख माशीपासून केसभर सुटले.
वाइकेने तो पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात टाकला
(त्यांच्या वह्या शिवते ती, हिवाळाभर)
तर ऊर्मासने परत काढला.
"राहू दे. ही एकटीच उडतेय."

अर्धे पैसे रोख.
अर्ध्यांची ही बाटली, एक्केचाळिसावी,
बिनलेबलाची.

ही शाई पुरती वाळत नाही कधी,
आठवड्यानेही बोटाला लागते;
गिऱ्हाइकांना ती आधीच सांगून ठेवते.

रात्री राईचा पाव कापून
तिने झाकण फिरवलं, घट्ट होतं,
बाटली पोटाशी धरली, जोर लावला.

काचेवर अंगठा उमटला.
निळा.