डावा पुन्हा

ग्दिन्याच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर
मी लोकांचे कान ओतते.

खोक्यांतून येतात ते, गुलाबी सिलिकॉनचे,
काजूपेक्षा थोडे थोराड,
कापसात निजलेले, सोबत चिठ्ठी.
माणूस सहसा येतच नाही.
ओसाकाचा एक बासरीवाला आठ वर्षं माझ्याकडे आहे,
उजवा आणि डावा, खण क्रमांक चौदा.
चेहरा पाहिला नाही कधी,
पण त्याच्या कानातलं दुसरं वळण
अंधारातही बोटाने ओळखीन.

कुणाचेच दोन कान सारखे नसतात.
पहिल्याच आठवड्यात हे कळलं
आणि त्या रात्री आरशासमोर
केस मागे धरून बराच वेळ उभी होते.

गेरार्ड क्रेफ्ट मात्र स्वतः जिना चढून आले.
बहात्तर वर्षांचे. त्यातली अडतीस गोदीत,
पत्रे घासण्यात.
तपासणीच्या आलेखावर त्यांची रेघ
चार हजारांपाशी पायरी चुकून खाली पडलेली.
"ह्या कानांसाठी एवढे पैसे?"
माझ्या तोंडून निघून गेलं.
"उरलंय तेवढं तरी नीट ऐकू दे, मुली."
मी कानकोंडी झाले, आणि रंग विचारला.
लोक काळा घेतात, नाहीतर पारदर्शक.
त्यांनी पाकिटातून रंगाचा एक पोपडा काढला,
कुठल्याशा बोटीचा हिरवा, मागे गंज.
"हा. गंज नको."

आधी दोरा बांधलेला फोमचा बोळा,
पडद्याच्या अलीकडे थांबेल असा.
मग दातांत ठोकळा.
मग पिचकारी.
थंड वाटेल, मी सांगते,
आणि मग सगळं लांब जाईल.
जातंच. पाच मिनिटं
माणसाला फक्त स्वतःचं गिळणं ऐकू येतं.
काही जण माझा हात धरतात.
क्रेफ्टनी खिडकीतल्या क्रेन मोजल्या.

तीन आठवडे लागले. हिरवा रंग दोनदा चुकला.
कवचात सहा इवले स्पीकर, केसाएवढ्या तारा,
वर लाखेचा हात.
घालून दाखवले: मागे वळवा, कान वर ओढा, आता दाबा.
"हं," म्हणाले, आणि गेले.

बारा दिवसांनी परत. "डावा गळतो."
नेहमी? नाही.
चालताना? नाही. जेवताना? तेव्हा कोण ऐकतं.
मग खाली बघत, चोरी कबूल केल्यासारखं:
गोदीच्या बँडची जुनी टेप आहे,
त्यात एक वॉल्ट्झ, त्यात एडमुंडचा ट्यूबा
अर्धी मात्रा आधी घुसतो.
दर वेळी.
एडमुंडला सगळ्याचीच घाई,
उसने परत करायचे सोडून.
"तिथे मला हसू येतं,
आणि हसलो की नेमका ट्यूबाच जातो."

गाल वर जातो, जबडा सरकतो,
फट पडते, आणि खर्ज निसटतो.
असं होतं हे पुस्तकात आहे.
एडमुंड पुस्तकात नाही.

तर डावा पुन्हा.
बोळा, पिचकारी; ह्या वेळी ठोकळा नाही.
"आता हसा," मी म्हटलं, "आणि हसतच राहा."
"कशावर?"
टेप लावून उपयोग नव्हता, कान भरलेले.
आणि पाच मिनिटं हसणं
कुणाला जमतं उगाच?
पहिल्याच मिनिटाला ओठ घसरू लागले.
मग मी गाल फुगवले,
हातांत नसलेला ट्यूबा धरला,
आणि अर्धी मात्रा आधी घुसले.
पुन्हा घुसले. पुन्हा.
दारातून मालकीण डोकावली आणि निघून गेली.

दोन्ही डावे शेजारी ठेवून मोजले.
फरक अर्धा मिलिमीटर, जबड्याच्या बाजूला.
हसण्याची जाडी एवढीच निघाली.
दोन्ही एकाच खणात ठेवलेत.

नवा घालून ते माझ्या स्टुलावर बसले,
टेप चालू, डोळे मिटलेले.
मला काहीच ऐकू येत नव्हतं,
बाहेर थेंबभर सांडू नये
याचसाठी तर सगळी खटपट.
पण ट्यूबा कधी आला ते कळलं.
आणि कान बंद असलेली माणसं ओरडतात तसे
ते खालच्या मजल्यापर्यंत ओरडले:
"बघ! परत आधी!"