कात्रण

नेज्देत मरतो तेव्हा माझ्या दुकानात टाळ्या पडतात.
कधी गोळी, कधी कड्यावरून ढकलणं,
एकदा तर बायकोनंच कॉफीत घातलेलं विष.
खुर्चीतला मुअम्मेर, निम्म्या गालावर फेस,
ओरडतो, 'बरं झालं, मेलं कुत्रं!'
मी वस्तरा वर धरून थांबतो.
हसताना गाल हलतात.

त्यांना नेज्देत एवढाच ठाऊक:
भुवयांमधली आठी, महागडा कोट,
तिसऱ्या नाहीतर चौथ्या भागात मरण.
मला ठाऊक आहे, त्याला वांगी सोसत नाहीत.
त्याच्या बाल्कनीत टोमॅटोची सहा रोपं आहेत,
सहाव्याला कधीच फळ धरत नाही
आणि तरी तो ते उपटत नाही.
घोड्याची त्याला भीती वाटते,
पडद्यावर दौडत जाते ती पाठ दुसऱ्याच कुणाची.

हे सगळं तो स्वतः लिहितो.
दर शुक्रवारी, पेपरच्या आतल्या पानावर,
हवामान आणि निधनवार्ता यांच्या मधल्या
बोटभर जागेत.
मी तेवढं कापून घेतो. कात्री काय, हातातच असते.
नऊ वर्षांची कात्रणं, कोलनच्या रिकाम्या खोक्यात,
लिंबाचा वास लागलेली.
बायको म्हणते, एवढा जीव भावाला लावला असतास
तर तो जर्मनीहून परत आला असता.
असेल.

त्याची आई बहिरी होत चालली होती.
फोनवर तो ओरडायचा, 'जेवलीस का?'
ती म्हणायची, 'हो, इथेही पाऊस आहे.'
हे वाचून मी आधी खो खो हसलो,
मग चहा गार होईपर्यंत नुसता बसून राहिलो.
माझ्या आईनं तरी काय ऐकलं जन्मभर?
खाणीचा भोंगा.
तो वेळेवर वाजला की तिचं बाकी सगळं ऐकून झालेलं असायचं.

मी त्याला कधी पत्र लिहिलं नाही.
म्हणजे, एकदा लिहिलं.
'नेज्देत साहेब, सहावं रोप सावलीत येत असणार.
कुंडी जरा फिरवून बघा.'
सही केली, तिकीट लावलं,
आणि खोक्यात तळाशी ठेवून दिलं.

मग या वसंतात पाच शुक्रवार तो आलाच नाही.
त्या जागेत गाद्यांची जाहिरात.
सहाव्या शुक्रवारी तीन ओळी:
फोन लावला.
वाजत राहिला.
बाहेर पाऊस नव्हता.

मी शटर अर्धं ओढलं.
मागच्या शेगडीवर लोणी वितळवलं, रवा घातला,
मूठभर चिलगोजे.
आमच्या झोंगुल्दाकमध्ये माणूस गेलं की रवा भाजतात,
वास वरपर्यंत पोचतो म्हणतात.
हात भरून आला तरी ढवळणं थांबवायचं नाही,
हे आईनंच शिकवलेलं,
बाबांना खाणीतून वर आणलं त्या रात्री.

रवा तांबूस व्हायला लागला तसा
माझा पोऱ्या तुनाय दारातून डोकावला.
'उस्ताद, कोण गेलं?'
आता याला काय सांगणार.
'मित्राची आई,' म्हणालो, आणि बशा भरल्या.
मुअम्मेरनं चमचा चाटूनपुसून विचारलं,
'देव तिला जागा देवो. कशी होती बाई?'
'वांगी फार छान करायची,' मी म्हणालो.
'मुलाला सोसायची नाहीत, तरी.'

रात्री नऊला मालिका लागली.
नेज्देतनं एका भल्या माणसाचा गळा दाबला.
मुअम्मेरनं शिवी हासडली,
बशी अजून त्याच्या हातातच.
मी पडद्याजवळ गेलो.
डाव्या कानाच्या पाळीखाली, दोन बोटांवर,
खुंटांचा एक पट्टा राहून गेला होता.
कुणीतरी घाईत केलेली दाढी.
किंवा मान वळवा म्हणून सांगितलं असेल
आणि त्याला ऐकूच गेलं नसेल.