उशीखालची जागा

आधी ते उशीखाली होतं.
मग गादीखाली, पायांच्या बाजूला.
मग माळ्यावर, मखराच्या खोक्यात,
घडी घातलेल्या पुठ्ठ्याच्या खांबांमध्ये.
स्टुलावरून उतरताना मला वाटलं, झालं.

या घरात काहीच लपत नाही, हे कळायला हवं होतं.
अनारशांचा डबा सर्वांत वरच्या फळीवर ठेवते,
उघडते तेव्हा निम्मा.
ह्यांची सिगारेट तन्मयीला सापडली
माझ्या दोन वर्षं आधी.

मरोळच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या,
चार माणसं, एक सरकारी पिस्तूल.
नचिकेत वरणभात कालवता कालवता म्हणाला,
"आई, मखरात ठेवलंयस ना ते,
गंज नाही ना लागणार त्याला?"
काळजीने विचारलं त्याने.

हात लावलास?
"नाही गं. फक्त बघितलं."

सतरा वर्षं जबाब लिहून घेतेय.
"फक्त" हा शब्द माणसं कुठे घालतात
मला चांगलं माहीत आहे.

त्या रात्री गोवंडीची ती खोली आठवली.
अक्षर माझंच होतं:
सदर हत्यार पिठाच्या डब्यात मिळून आले.
झाकणावर पिठाचे ठसे, दोन मापांचे.
लहान माप मी पंचनाम्यात घेतलं.
त्या बाईने मला पाणी दिलं होतं,
पेला दोनदा विसळून.

रविवारी साकीनाक्याहून फैयाज वेल्डर आला.
जाड पत्र्याची पेटी, भिंतीत चार बोल्ट.
"दागिने ठेवणार का, मॅडम?"
हो म्हटलं.

आता घरी आले की चप्पल काढायच्या आधी
मॅगझिन काढते.
स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये बघते,
मग करंगळी घालूनही बघते,
डोळे दमलेले असतात, त्यांचं काय सांगावं.
पिस्तूल पेटीत.
गोळ्या दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या कुलपात,
आणि ती किल्ली माझ्या गळ्यात,
काळ्या मण्यांना घासून त्यांचा रंग उडवत.

पेटीचा आकडा कुणाचा वाढदिवस नाही.
ते सगळे पहिल्याच आठवड्यात लावून झाले असणार,
गाडीचा नंबरही.
इथेही लिहिणार नाही.

ह्यांनी विचारलं, रात्री कोणी आलं तर?
मी मोजून ठेवलं होतं.
दोन्ही कुलपं, अंधारात, चोवीस सेकंद.
चष्मा सापडला नाही तर तीस.
"खूप होतात," हे म्हणाले.
होतात.
पिठाच्या डब्याचं झाकण उघडायला
किती लागले असतील,
तेही मी मोजलं होतं. ते सांगितलं नाही.

दोघांना समोर बसवलं.
कुठेही दिसलं, आपल्या घरी, मित्राच्या घरी,
हात लावायचा नाही.
खोलीबाहेर यायचं, मोठ्या माणसाला सांगायचं.
"आणि मोठा माणूसच विसरला असेल तर?"
तन्मयीने विचारलं.
वर्दीतल्या कुठल्याही साहेबाने
मला इतकं सरळ विचारलेलं नाही.
म्हटलं, तर मला ओरड.
तिने ते वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.

झोप मात्र लागेना.
हात आपोआप उशीखाली जायचा,
रिकाम्या चादरीवरून फिरून परत यायचा,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसा.

काल हाताला काहीतरी लागलं.
छातीत एकदम धस्स झालं.
दिवा लावला.
नचिकेतची दिवाळीतली टिकल्यांची बंदूक,
चाप गंजलेला, मुठीवर वाघाचं स्टिकर.
आईला झोप येत नाही म्हणून.

रात्रीचे दोन वाजलेले. मी पलंगावर बसून
ती उघडली, आत बघितलं,
करंगळी घातली.

रिकामी होती.

टिकल्यांचा रोल सकाळी सापडला,
दुसऱ्या खोलीत, त्याच्या कंपासपेटीत.
पेटीला रबरबँड,
दोन वेढे.