दोन बोटं सोडून

बापूंनी रेडिओच्या काचेवर
सांगलीच्या जागी कुंकवाचा ठिपका लावला होता,
काटा शोधत बसायला नको म्हणून.
आईनं कधीतरी, न विचारता,
डावीकडं दोन बोटं सोडून
हळदीचा लावला : धारवाड.

निपाणीत आमच्या गल्लीत भिंतींनाही तंबाखूचा वास.
दुपारी जोत्यावर आठ बायका, मांडीवर सुपं,
कात्रीनं पानं कापत, सुतानं विड्या बांधत.
घड्याळ एकीकडंही नव्हतं.
‘त्यो केसतेलवाला चारदा येऊन गेला
की माझा कट्टा हुतोय बघ,’
अक्काताई मगदूम म्हणायची.

बापू असले की सांगली.
गुळाचे भाव, शेंगांचे भाव, मग बातम्या,
आणि बातम्यांत आपलं गाव येतंय का
म्हणून कानामागं हात.
बापू मोर्चाला गेले
की जोत्यावरचा कारभार हळदीकडं सरकायचा.

आईला कानडी येत नव्हतं.
दूधवाल्याशी भांडण्यापुरतं, बास.
पण ते हंसध्वज दंतमंजन लागलं
की आठही सुपं थांबायची :
*हळ्ळि-हळ्ळिगू, हल्लु-हल्लिगू…*
मी शाळेतलं कानडी पाजळायचो,
हळ्ळि म्हणजे खेडं, हल्लु म्हणजे दात.
‘असू दे की,’ आई म्हणायची, ‘चाल चांगली हाय.’
पुढं तीच जाहिरात मराठीतही आली :
*गावागावात, दातादातात.*
बायका इतक्या हसल्या
की सुताचं रीळ गटारात गेलं.
दातात काय, शेंगदाणा अडकलाय व्हय!

मग देसायांच्या वखारीत टीव्ही आला.
मी कौलांवर, अँटेना धरून,
खालून ओरडा : आलं, आलं… गेलं! मुंग्या!
साबणाचा तो फेस मला कधी दिसलाच नाही,
नुसता ऐकू आला.
अजून मला जाहिराती आठवतात त्या अशाच,
पायाखाली तापलेलं कौल,
हातात थरथरणारा पाईप.

एका मोर्चानंतर बापू डोक्याला पट्टी बांधून आले.
लाल-पिवळ्या झेंड्यावर पुष्कळ बोलले.
बोलता बोलता रेडिओ लावायला वाकले
आणि काचेकडं बघत राहिले.
लाल. दोन बोटं सोडून पिवळा.
पुसला नाही. काही म्हणालेही नाहीत.
सांगलीच लावली, आवाज जरा मोठा.

बापू जाऊन अकरा वर्षं झाली.
गेल्या साली आईची उजवी बाजू गेली, वाचाही.
बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टर
तिला तिचं नाव तीन भाषांत विचारत होते.
ती बघत राहायची,
जणू आम्ही सगळे दोन स्टेशनांच्या मधली खरखर.
चौथ्या दिवशी शिवलीला सिस्टर तोंड पुसायला आल्या,
म्हणाल्या, ‘अज्जी, हल्लु तोरस्री.’
दात दाखवा.
आईला एकही दात नाही.
तिनं तोंड उघडलं
आणि वाकड्या ओठांतून, चालीत, सबंध :
*हळ्ळि-हळ्ळिगू, हल्लु-हल्लिगू*

सिस्टरांच्या हातातलं फडकं थांबलं.
त्या रामदुर्गाकडच्या. पन्नाशीच्या.
पुढची ओळ त्यांनी घातली,
मग दोघींनी मिळून डब्याची किंमत.
मी शेजारी उभा, हातात औषधांची चिठ्ठी.
माझं नाव काही तिला आलं नाही.
अजून येत नाही.

रेडिओ राजेसाबकडं टाकला होता.
तो म्हणाला, ‘दोरा बदललोय.
स्टेशन लागंल का न्हाई सांगत न्हाई,
काच मात्र स्पिरिटनं लख्ख करून सोडलोय बघा.’
मी पैसे दिले. काय बोलणार.

आता तो तिच्या उशाशी असतो.
डाव्या हातानं ती काटा फिरवते,
मधेच थांबते,
नखानं काच खरवडते.
एका जागी.
मग दोन बोटं सोडून.