आलं का?

बातम्या सुरू झाल्या की निवेदिकेचा जबडा निखळतो.
हनुवटी डावीकडे, ओठ जागच्या जागी,
मग सगळा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटतो
आणि निळ्या पट्टीवर अक्षरं: सिग्नल नाही.
हे म्हणतात, पाऊस.
मी म्हणते, काल कुठे होता पाऊस?
टॉडमॉर्डनमध्ये हे वाक्य वर्षातून चारदाच म्हणता येतं,
म्हणून जरा मोठ्याने म्हणते.

आधी घरगुती उपाय झाले.
खोका बंद, दहा मिनिटं थांबा, खोका चालू.
वाहिन्या पुन्हा शोधल्या.
मागची वायर काढून तिच्या तोंडात फुंकर मारली;
फुंकरीने काय होणार,
पण गॅसच्या बर्नरपासून सगळं तसंच दुरुस्त करत आलो.
मग अठरा पौंडांचा बूस्टर.
त्याने सिग्नल वाढला, बिघाडही तेवढाच वाढला,
खोकणाऱ्या गवयापुढे माइक सरकवावा तसा.

पूर्वी चित्र हळूहळू आजारी पडायचं.
आधी दोन-चार मुंग्या, मग वारूळ,
डोंगरावर आपटून आलेली फिकी सावली
प्रत्येक माणसाच्या खांद्यामागे उभी,
तरी गोष्ट कळायची.
आता शेवटच्या क्षणापर्यंत लख्ख,
आणि मग काहीच नाही.
मुंग्या आता फक्त ह्यांच्या डाव्या हाताला येतात.
म्हणून शिडी मी मॉरीनच्या गॅरेजात नेऊन ठेवली आहे.

चौऱ्याऐंशी साली हेच चढले होते.
लीड्सच्या सवयीने अँटेनाच्या काड्या आडव्या लावल्या,
पडद्यावर नुसतं वादळ.
समोरून मॉरीनचा नवरा ओरडला,
ह्या दरीत उभ्या लागतात, उभ्या!
हे छपरावरून हसले: म्हणजे इथे आपण वैष्णव.
मग खांब बोटबोट फिरवत,
"आलं का?"
"नाही!"
"आता?"
"आलं... गेलं! मागे घ्या. आलं, आलं, हलू नका!"
तासभर. सगळ्या गल्लीने पडदे सारून ऐकलं.
दुसऱ्या दिवशी दूधवाला टोपी उचलून म्हणाला,
गुड मॉर्निंग, मिसेस आलंका.

आज क्रेग ॲक्रॉइड आला, गळ्यात मीटर अडकवून.
वरून म्हणाला, दिशा केसभरही चुकलेली नाही,
कुणी लावला हा?
ह्यांनी अंगणातून हात वर केला, शाळेतल्यासारखा.
मग पन्हाळीजवळ त्याला जोड सापडला:
दोन वायरी पिळलेल्या, वर काळी टेप,
टेपच्या आत पाणी,
पाण्यात तांबं हिरवं,
वर्षानुवर्षं चिंच न लागलेल्या घंगाळासारखं.
आणि हा कुणी केला?
ह्या वेळी हात वर गेला नाही.
हे मॉरीनच्या कुंड्या बघत राहिले.

क्रेगने जोड कापून खाली टाकला,
वरपासून खालपर्यंत अखंड नवी वायर ओढली.
मी आत, टीव्हीपुढे.
हे बाहेर, पण ह्यांना ऐकू कमी येतं
आणि क्रेगला मराठी येत नाही.
निवेदिका आली,
जबड्यासकट, नाकाच्या शेंड्यावरच्या पावडरीसकट,
इतकी स्पष्ट की मीच जरा संकोचले.

सांगायला दारात गेले, तोच समोरच्या खिडकीतून
एकोणनव्वद वर्षांची मॉरीन,
कवळी न लावलेली:
"आलंका?"

क्रेगने वरून विचारलं, काय म्हणते ती?
हे वाकून तो हिरवा जोड खिशात घालत होते,
कुणी बघत नाही अशा समजुतीने.
"आलं, आलं," मी ओरडले,
"हलू नका!"